पदवीपाशी जबाबदारी संपत नाही

‘महाविद्यालय म्हणजे रोजगार कार्यालय नव्हे.’ ठाणे, कल्याण, डोंबिवलीतल्या कोणत्याही स्टाफरूममध्ये करिअर मार्गदर्शनाचा विषय निघाला की हे वाक्य हमखास कानावर येते. ते म्हणणारी माणसे कामचुकार नसतात. बहुतेकदा ती आपल्या विषयावर जीव लावणारी असतात. शिक्षण नोकरीच्या दावणीला बांधले तर पहिला बळी इतिहासाचा, तत्त्वज्ञानाचा आणि मराठीचा जाईल, ही त्यांची भीती आहे आणि ती निराधार नाही. १९९९ मध्ये मुंबई विद्यापीठाने बीएमएस ही व्यवस्थापनाची पदवी सुरू केली. त्यानंतर विनाअनुदानित अभ्यासक्रमांची रांगच लागली आणि नोकरीची आशा दाखवून जास्त शुल्क घेणे सोपे झाले. २०२४ मध्ये तंत्रशिक्षणाचे नियमन करणाऱ्या एआयसीटीईने बीएमएस, बीबीए, बीसीए आपल्या कक्षेत घेतले, त्यांना सीईटी ही प्रवेश परीक्षा लागली, तेव्हा अनेक महाविद्यालयांनी जवळपास तोच अभ्यासक्रम बी.कॉम.च्या नावाखाली चालू ठेवला. हे सगळे जवळून पाहिलेल्या शिक्षकाला करिअर हा शब्दच नकोसा वाटला, तर त्याला दोष देता येत नाही.

तरीही त्याचा युक्तिवाद चुकीचा आहे.

ज्ञान आणि उपजीविका यांच्यात तो जे वैर मानतो, ते मुळात नाही. ठाणे महापालिकेने १९८७ मध्ये प्रशासकीय परीक्षांच्या तयारीसाठी संस्था काढली आणि तिला चिंतामणराव देशमुखांचे नाव दिले. देशमुख केंब्रिजला वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र आणि भूगर्भशास्त्र शिकले, संस्कृतात आयुष्यभर रमले, ‘मेघदूता’चा त्यांनी मराठी अनुवाद केला. हेच देशमुख १९१८ च्या आयसीएस परीक्षेत पहिले आले आणि पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. ‘बॉटनी घेऊन काय करणार?’ असे विचारणाऱ्या पालकाला आणि वर्गात नोकरीचे नाव काढू नका म्हणणाऱ्या प्राध्यापकाला, दोघांनाही या आयुष्याने उत्तर दिलेले आहे. देशमुखांची बुद्धी असामान्य होती, त्यांना वाट सापडली असतीच. प्रश्न आहे तो साठ टक्के मिळवून बी.ए. होणाऱ्या, घरात पहिल्यांदाच पदवी आणणाऱ्या मुलामुलींचा.

पूर्वी अशा मुलांना कामाच्या जगाची ओळख महाविद्यालयाने करून द्यावी लागत नव्हती, कारण ते काम गाव करत होते. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि ठाण्याची वागळे इस्टेट ही तिची पहिली औद्योगिक वसाहत ठरली. ठाण्यात रेमंड, कळव्याला मफतलाल, मोहन्याला एनआरसी (नॅशनल रेयॉन), शहाडला सेंच्युरी रेयॉन, डोंबिवलीत प्रीमियर ऑटोमोबाइल्स आणि रसायनांचे कारखाने. शेजारचे काका टर्नर, समोरचे स्टोअरकीपर, वरच्या मजल्यावरचे अकाउंट्समध्ये. काम कसे मिळते, ॲप्रेंटिस म्हणजे काय, पगारातून फंड का कापतात, युनियन कशासाठी असते, हे मुलाला चाळीच्या गॅलरीतच कळत असे. डोंबिवलीत तर बँक, एलआयसी, मंत्रालय आणि रेल्वे यांतल्या नोकरदारांच्या इमारतीच्या इमारती होत्या. भरतीची जाहिरात आली की शेजारच्या घरातून अर्ज यायचा आणि तो कसा भरायचा हे सांगणारा माणूसही बरोबर यायचा.

ते गाव आता राहिलेले नाही. एनआरसी २००९ मध्ये बंद पडली. रेमंडच्या जागेत निवासी मनोरे उभे राहिले. वागळे इस्टेटमध्ये यंत्रांची जागा संगणकांनी घेतली. आजच्या नोकऱ्या ऐरोली-घणसोलीच्या आयटी पार्कात, घोडबंदर रस्त्यावरच्या कार्यालयांत आणि भिवंडीच्या गोदामांत आहेत. तिथले दार कार्ड लावल्याशिवाय उघडत नाही आणि आत नेमके काय काम चालते हे शेजारच्या काकांनाही सांगता येत नाही. उल्हासनगरच्या किंवा टिटवाळ्याच्या मुलीला गाडीतून अशा काचेच्या इमारती रोज दिसतात, पण आतल्या कोणत्या टेबलावर आपल्याला जागा आहे, तिथवर कोणत्या दाराने जायचे, हे सांगणारे तिच्या ओळखीत कोणी नसते. गावाने हात काढून घेतला, तेव्हा ही ओळख कोणीतरी जाणीवपूर्वक करून द्यायला हवी होती. तीन वर्षे मूल ज्या संस्थेत रोज येते, तिच्याइतका या कामाचा अधिकारी दुसरा कोण?

‘पण मुलांनाच काही नको असते’, हा पुढचा आक्षेप. हे तर सरळच असत्य आहे. या पट्ट्यातली कितीतरी महाविद्यालये सकाळच्या सत्रात भरतात आणि दुपारी त्यांतले विद्यार्थी कामावर असतात. कोणी मॉलमधल्या दुकानात उभा असतो, कोणी खाण्याचे डबे पोचवतो, कोणी शिकवण्या घेते, कोणी सीएच्या कार्यालयात टॅलीवर नोंदी करते. ही मुले कामाला घाबरत नाहीत. आपण करतो त्या कामाला बायोडेटात काय म्हणायचे, त्यातून पुढची पायरी कोणती, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. दुकानात दोन वर्षे ग्राहक सांभाळलेली मुलगी मुलाखतीत ‘अनुभव नाही’ असे सांगून परत येते. हा आळस नव्हे. तिच्या शिक्षकांनी तिला कधी विचारलेच नाही की बाई, तू दुपारी कुठे असतेस?

तिसरा बचाव कागदोपत्री आहे: आमच्याकडे प्लेसमेंट सेल आहे, दरवर्षी व्याख्याने होतात. होतात, यात शंका नाही. महाविद्यालयांना दर्जा देणाऱ्या नॅकच्या मूल्यांकनात करिअर मार्गदर्शन आणि प्लेसमेंट यांची माहिती द्यावी लागते, त्यामुळे शेवटच्या वर्षाला सभागृहात एक व्याख्यान ठेवले जाते, हजेरी घेतली जाते, स्थळाची नोंद असलेले छायाचित्र फाइलला लागते. दीडशे मुलांना दीड तासात सांगितलेल्या ‘आत्मविश्वास ठेवा’ या सल्ल्याने कोणाचेही पाऊल पुढे पडत नाही. याच मुंबई विद्यापीठाकडे यापेक्षा कितीतरी चांगली वाट आधीपासून आहे, ही खेदाची गोष्ट. विद्यापीठाचा आजीवन अध्ययन आणि विस्तार विभाग वर्षानुवर्षे महाविद्यालयांतून करिअर प्रकल्प, उद्योगांची ओळख करून देणारा प्रकल्प, विद्यार्थ्यांनी खाद्यपदार्थांचा व्यवसाय चालवून पाहण्याची अन्नपूर्णा योजना असे उपक्रम राबवतो आणि त्यासाठी दहा जादा गुण देतो. जिथे एखादा शिक्षक मन लावून हा प्रकल्प करून घेतो, तिथे मुले कारखान्यात जातात, माणसांना प्रश्न विचारतात, हिशेब मांडतात. जिथे तसा शिक्षक नसतो, तिथे जुन्या वह्या उतरवल्या जातात. योजना तीच असते, फरक माणसाचा असतो.

चौथे उत्तर घराघरांत मिळते: स्पर्धा परीक्षा दे. ठाण्याच्या चिंतामणराव देशमुख संस्थेचे काम मोलाचे आहे आणि ज्याचा कल आणि तयारी आहे, त्याने ती वाट जरूर धरावी. पण सगळ्यांना एकाच दाराशी उभे करण्याआधी आकडे पाहावेत. २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागा होत्या आणि अर्ज दहा लाखांहून अधिक. २०२४ च्या पोलीस भरतीत सतरा हजारांच्या आसपास जागांसाठी सतरा लाखांहून अधिक अर्ज आले. म्हणजे दर शंभरात फार तर एकाला जागा. उरलेल्या नव्व्याण्णवांसाठी दुसरी योजना नसेल, तर ते मार्गदर्शन अपुरे आहे आणि मार्गदर्शकाला ते ठाऊक असते.

अझीम प्रेमजी विद्यापीठाच्या २०२३ च्या अहवालातले आकडे आणखी नेमके बोट ठेवतात. २०२१-२२ मध्ये देशातल्या २५ वर्षांखालच्या पदवीधरांत बेरोजगारी ४२ टक्क्यांवर होती. २५ ते २९ वयोगटात ती २३ टक्क्यांच्या जवळ येते, ३० ते ३४ मध्ये १० टक्क्यांखाली, आणि पस्तिशीनंतर पाच टक्क्यांखाली. म्हणजे काम शेवटी मिळते. कसले मिळते, हा प्रश्न तो अहवालही विचारतो. खरा खड्डा एकविसाव्या वर्षापासून पुढच्या आठ वर्षांचा आहे. अंगात सर्वात जास्त बळ असलेली ही वर्षे मुले चाचपडत घालवतात आणि नेमक्या याच काळात महाविद्यालयाच्या लेखी ती ‘पासआउट’ झालेली असतात, त्यांचा कोणी वाली नसतो.

सरकारने मध्ये हात घातला, पण तोही ठरावीक मुदतीचा. २०२४ च्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधराला महिना १०,००० रुपये विद्यावेतन मिळाले, सहा महिन्यांची मुदत पुढे पाच महिन्यांनी वाढली, आणि ती संपल्यावर ‘आता आम्ही कुठे जायचे’ म्हणत प्रशिक्षणार्थी आंदोलनाला बसले. प्रशिक्षण दिले, पुढचा रस्ता दाखवला नाही.

मग काय करावे, याचा धडा ठाण्यातच उपलब्ध आहे. २००८ मध्ये भाऊ नानिवडेकरांनी विद्यादान सहाय्यक मंडळ सुरू केले. शहापूरसारख्या ग्रामीण भागातल्या, हुशार पण परिस्थितीने अडलेल्या मुलांना उच्च शिक्षणासाठी मदत करणे हे मंडळाचे काम. मंडळ फीचा धनादेश देऊन थांबत नाही. विद्यार्थ्यामागे एक कार्यकर्ता पालकासारखा उभा राहतो. अभ्यास कसा चालला आहे, घरी काय अडचण आहे, इंग्रजी कुठे अडते, पुढे काय करायचे, हे तो सतत विचारत राहतो. शिकून नोकरीला लागलेले विद्यार्थी पुढे स्वतः धाकट्यांना मदत करायला उभे राहतात. या कामात इमारत, यंत्रसामग्री, सभागृहातला मोठा सोहळा यांतले काही लागत नाही. एका मुलाला एक मोठे माणूस लागते, आणि ते वर्षानुवर्षे टिकावे लागते.

महाविद्यालयांनी हीच पद्धत उचलावी. पहिल्या वर्षाच्या पहिल्या सत्रात दर आठ-दहा विद्यार्थ्यांना बाहेरच्या कामाच्या जगातला एक माणूस जोडून द्यावा आणि तो शेवटच्या परीक्षेनंतरही दोन वर्षे त्यांच्या संपर्कात राहावा. हे दोन वर्षांचे म्हणणे हट्टाचे नाही. ब्रिटनमध्ये पदवीधर काय करतात याची पाहणी पूर्वी सहा महिन्यांनी होत असे. तो काळ फार लवकरचा ठरतो म्हणून आता ती १५ महिन्यांनी केली जाते. आपल्याकडे निकालानंतर गुणपत्रिका घ्यायला आलेल्या मुलाला ‘पुढे काय?’ एवढे विचारून संबंध संपतो.

प्राध्यापकांवर हे ओझे टाकू नये, हा आक्षेप मात्र पूर्ण मान्य करायला हवा. कित्येक पदे रिक्त आहेत, तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या शिक्षकाची स्वतःचीच नोकरी पुढच्या जूनला राहील की नाही, याची खात्री नसते. त्याच्याकडून आणखी काही मागणे अन्यायाचे होईल. पण डोंबिवलीत, नौपाड्यात, कल्याणच्या रामबागेत निवृत्त बँक अधिकारी, अभियंते, परिचारिका, रेल्वेचे लोको इन्स्पेक्टर, लेखापाल किती आहेत! कार्ड लावून काचेच्या दारातून आत जाणारे माजी विद्यार्थी किती आहेत! त्यांच्याकडे वेळही आहे आणि सांगण्यासारखेही. त्यांना आजवर महाविद्यालयाने फक्त स्नेहसंमेलनाच्या देणगीसाठी बोलावले.

आणि शिकवायचे ते केवळ मुलाखतीचे तंत्र नव्हे. नियुक्तिपत्र वाचता यावे. बाँड कशाला म्हणतात, मूळ गुणपत्रिका कंपनीला का ठेवू देऊ नये, भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक कुठे पाहायचा, पगाराची चिठ्ठी कशी वाचायची, कर्जाचा हप्ता कधी परवडतो, हे समजावे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांनी नियुक्तिपत्र देणे बंधनकारक केले. ते मागायचे असते हे मुलांना कोण सांगणार? एप्रिल २०२५ मध्ये महाराष्ट्र सायबर विभागाने म्यानमारमधून साठहून अधिक भारतीयांची सुटका केली. चांगल्या पगाराच्या नोकरीचे आमिष दाखवून त्यांना तिथे नेले होते आणि लोकांना फसवण्याच्या कामाला जुंपले होते. नोकरीचा प्रस्ताव तपासायला शिकवणे हा आता जिवाशी निगडित असलेला पाठ आहे.

संधी दाराशी आहे. मुंबई विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांत नवे शैक्षणिक धोरण २०२४-२५ पासून लागू झाले आणि प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण पदवीचाच भाग झाले. पहिली तुकडी २०२६-२७ मध्ये तिसऱ्या वर्षात असेल. ओळखीच्या दुकानदाराचा शिक्का मारून आणलेला दाखला स्वीकारून हे तास भरून काढायचे, की वागळे इस्टेट, डोंबिवली एमआयडीसी, भिवंडीची गोदामे, नगरपालिका, रुग्णालये, ग्रंथालये यांच्याशी आतापासून बोलून खरे काम मिळवायचे, हे प्रत्येक प्राचार्याला ठरवावे लागेल.

प्राचार्यांनी त्यासाठी माजी विद्यार्थ्यांची यादी काढून या महिन्यातच पत्रे पाठवावीत. आणि ठाणे-कल्याणच्या ज्या वाचकांनी तीस वर्षे नोकरी करून आता घरी बसून वर्तमानपत्र वाचायला घेतले आहे, त्यांनी पत्राची वाट न पाहता जवळच्या महाविद्यालयात जाऊन आपल्याकडे आठ मुले सोपवा, असे सांगावे.