नाव जोतीरावांचे, दुर्लक्ष आपले

पुण्याच्या घोले रस्त्यावर महात्मा फुले वस्तुसंग्रहालय आहे, हे ठाऊक नसलेला पुणेकर आज विरळा नाही. शाळेच्या सहलीबरोबर एके काळी तेथे रांगेने गेलेली पिढी आता उतारवयाला लागली आहे. शेती, उद्योग, वनसंपत्ती, हस्तकला अशा विषयांचे नमुने एकाच छताखाली पाहून त्या मुलांच्या मनात प्रथम ‘हे कसे होते?’ हा प्रश्न उमटला असेल. त्यांच्यापैकी कोणी आज पुन्हा त्या दारात उभा राहिला, तर शहराने ही वास्तू आपल्या स्मरणातून जवळजवळ हद्दपार केली आहे, याची खंत त्याला वाटल्याखेरीज राहणार नाही.

हे संग्रहालय स्थापन झाले 1890 साली, आणि त्याला नाव मिळाले मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांचे. त्याच वर्षी, 28 नोव्हेंबरला, जोतीराव फुले निवर्तले. 1968 मध्ये रे साहेबांचे नाव जाऊन जोतीरावांचे आले. पुण्याच्या मंडईचाही इतिहास असाच आहे. नगरपालिकेचे सभासद असताना जोतीरावांनी त्या खर्चिक इमारतीला विरोध केला होता. हा पैसा शिक्षणावर खर्च व्हावा, ही त्यांची भूमिका होती. तरीही मंडई उभी राहिली आणि कालांतराने तिला त्यांचेच नाव मिळाले. पाटी बदलणे सोपे असते. पाटीवरच्या माणसाचे म्हणणे मानणे कठीण असते.

ते म्हणणे काय होते? 1882 मध्ये हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात जोतीरावांनी स्पष्ट सांगितले, की सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणाचा लाभ मात्र वरच्या वर्गांच्या पदरात पडतो. प्राथमिक शिक्षण सक्तीचे व्हावे आणि त्यात शेतीचे व आरोग्याचे प्राथमिक ज्ञान असावे, ही त्यांची मागणी होती. ज्ञान कष्टकऱ्यांच्या हातापर्यंत पोहोचले पाहिजे, हाच तिचा गाभा. सार्वजनिक वस्तुसंग्रहालयाचे प्रयोजन याहून वेगळे ते काय?

हल्ली सर्व काही मोबाइलवर पाहता येते, मग असली जुनी संग्रहालये हवीत कशाला, असा प्रश्न विचारला जातो. हा युक्तिवाद सुखवस्तू घरांतला आहे. ज्या मुलाला घरी पुस्तकांचे कपाट नाही आणि महागड्या शिकवणीचे दार बंद आहे, त्याला वस्तू समोर ठेवून समजावून सांगणारी जागा समाजानेच उभारून द्यावी लागते. ती ओस पडू देणे म्हणजे विज्ञान कोणाच्या मुलांचे, याचा निकाल मुकाट्याने लावून टाकणे होय.

आणीबाणीच्या काळात, 1976 साली, झालेल्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने वैज्ञानिक दृष्टिकोन बाळगणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरविले. त्या दुरुस्तीतील लोकशाहीविरोधी कलमांशी समाजवादी झगडले. हे कर्तव्य मात्र त्यांनी आपले मानले. तो दृष्टिकोन जनमानसात रुजविण्यासाठी आयुष्य वेचणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या 20 ऑगस्ट 2013 रोजी याच पुण्यात, या संग्रहालयापासून फारशा दूर नसलेल्या पुलावर झाली. दरवर्षी त्यांच्या स्मृतिदिनी आपण एकत्र जमतो, घोषणा देतो. ते आवश्यकच आहे. परंतु बुवाबाजीविरुद्धची लढाई केवळ निषेधाने जिंकली जात नाही. दहा वर्षांच्या मुलाला प्रश्न विचारण्याची सवय लावूनच ती जिंकता येते.

म्हणून कार्यकर्त्यांनी हा विषय वॉर्डाच्या सभेत आणावा. महापालिका शाळेतील प्रत्येक मुलाला वर्षातून एकदा तरी अशा संग्रहालयाची भेट घडावी, प्रवासखर्च महापालिकेने सोसावा, आणि वस्तूंची माहिती मुलांना उमजेल अशा मराठीत सांगणारी माणसे तेथे असावीत, ही मागणी लावून धरावी. मात्र तिच्या मंजुरीची वाट पाहत बसू नये. प्रत्येक शाखेने वस्तीतली वीस मुले गोळा करून एकदा त्यांना तेथे न्यावे. कारखान्यातून निवृत्त झालेल्या कामगाराने त्यांना यंत्र समजावून सांगावे, शेतकऱ्याने अवजार.

जोतीरावांच्या नावाची पाटी कित्येक वर्षांपूर्वीच लागली. आता त्या दारातून त्यांची मुले आत गेली पाहिजेत.