अझेलियाचे पाणी

दोन वर्षांपूर्वी थोरल्या जाऊबाईंनी कालिम्पोंगहून अझेलियाचे एक रोप ओल्या शेवाळात गुंडाळून पुण्यास आणले आणि माझ्या स्वाधीन केले. गेल्या वसंतात त्यावर इतकी फुले आली की पाने दिसेनाशी झाली. यंदा मात्र एप्रिलमध्ये पाने पिवळी पडली; शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या. मी आधी खत वाढविले, मग पाणी. दोन्ही चुकले. जाऊबाईंना कळविण्याचे धैर्यही होईना.

अझेलिया हे हिमालयातील बुरांशाचे सगोत्र. लिनियसने १७५३ मध्ये त्याची वेगळी प्रजाती मानली होती. आता वनस्पतिशास्त्रज्ञ ते ऱ्होडोडेंड्रॉनमध्येच गणतात. त्यास आम्लधर्मी माती हवी, सामू साधारण ४.५ ते ६. महाबळेश्वरची जांभ्याची माती त्यास मानवेल. आमच्याकडे काळी, चुनखडीयुक्त माती आणि कूपनलिकेचे जड पाणी. प्रत्येक तांब्यागणिक सामू चढत गेला. अशा मातीत लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही. गल्ला भरलेला, पण किल्ली हरवलेली!

मग रोप काढून पानकुजीचे खत, नारळाच्या काथ्याचा भुसा व थोडी जाड वाळू अशा मिश्रणात लावले, पूर्वीपेक्षा खोल मुळीच नाही. याची मुळे केसासारखी बारीक, वरच्या थरातच पसरणारी. म्हणून खुरपे वर्ज्य, वर वाळक्या पानांचे आच्छादन. चिलेटेड लोह एकदाच दिले. जूनपर्यंत दुकानातील एसीचे ठिबकणारे पाणी बादलीत धरून घरी आणले. त्यात क्षार जवळजवळ नसतात. (मुनीमजींना प्रथम हसू आले, नंतर तेच बादली भरून ठेवू लागले.) पुढे गच्चीवरचे पावसाचे पाणी पिंपात साठविले. जुलैत फुटलेली पालवी हिरवीगार होती.

सकाळचे कोवळे ऊन द्यावे, दुपारी सावली. पाने, फुले, मधसुद्धा विषारी असल्याने कुंडी मुलांच्या व गाई-शेळ्यांच्या तोंडाशी ठेवू नये. छाटणी फुले गळताच उरकावी, कारण पुढील बहराच्या कळ्या उन्हाळी फुटव्यावर धरतात. गेल्या दिवाळीच्या साफसफाईत मी हौसेने कात्री चालविली आणि या वसंतात जेमतेम चार फुले पाहिली.

काल मोजल्या, अकरा कळ्या आहेत. जाऊबाई दिवाळीस येणार. कात्री कपाटात, कुलपात ठेवली आहे.