आधी तिच्याकडे

मागच्या सेमिस्टरला आम्हाला मराठी बोलणाऱ्या समाजांवर प्रोजेक्ट होता. मी बेने इस्रायल घेतले. खरं सांगायचं तर विषय छोटा वाटला म्हणून. कोकणातले ज्यू, घरात मराठी बोलणारे, आडनावं दिवेकर, किहीमकर अशी गावांवरून. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी काम बंद ठेवायचे, म्हणून आजूबाजूची गावं त्यांना ‘शनवार तेली’ म्हणायची. त्यांनी एकोणिसाव्या शतकात बायबलमधल्या कथांवर मराठी कीर्तनंसुद्धा केली. (ह्यावर आपल्या मंडळात कुणीतरी स्वतंत्र लेख लिहायलाच पाहिजे.) हे सगळं आवडीनं उतरवत गेले आणि सणांच्या यादीपाशी येऊन अडकले.

हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी १८९७ च्या सुमारास आपल्या समाजाचा इतिहास इंग्रजीत लिहून ठेवला. त्यात सणांची जुनी मराठी नावं आहेत. रोश हशाना म्हणजे नवं वर्ष, तो ‘नव्याचा सण’. योम किप्पूर हा प्रायश्चित्ताचा दिवस, तो ‘दारफाळणीचा सण’, म्हणजे दारं लावून घेऊन उपास करायचा. त्याचा दुसरा दिवस ‘शिळा सण’, दानधर्माचा आणि भेटीगाठींचा. आणि एलूल महिन्यातल्या उपासांना नाव काय? ‘रमजान’! शेजाऱ्याकडं शब्द तयार होता, तो घेतला. मला हे फार आवडलं.

एलूल हा नव्या वर्षाच्या आधीचा महिना. ज्यू पंचांगही आपल्यासारखं चंद्राचं, मधूनमधून अधिक महिना घालून ऋतूशी जुळवलेलं. त्यामुळं एलूल बहुतेक वर्षी आपल्या भाद्रपदाच्या आसपासच येतो. या महिन्यात पहाटे उठून क्षमेच्या प्रार्थना म्हणायच्या, त्यांना सलिहोत म्हणतात. बेने इस्रायलसारखे सेफार्दी पद्धत पाळणारे लोक त्या महिनाभर आणि पुढं योम किप्पूरपर्यंत म्हणतात, साधारण चाळीस दिवस. चाळीस म्हटल्यावर मला आपला उपवासकाळ आठवला. पापं कबूल करतानाही ते छातीवर मूठ मारतात, जशी आपण मिस्सेच्या सुरुवातीला मारतो. फक्त त्यांची कबुली ‘मी’ अशी नसते, ‘आम्ही’ अशी असते. सगळी सभा मिळून, अक्षरांच्या क्रमानं, एकेका अपराधाचं नाव घेते.

इथपर्यंत ठीक होतं. तुलना छान जमत होती, गुणही मिळाले असते. मग मिश्नाच्या योमा या भागातला नियम वाचला. देवाचा अपराध केला असेल तर योम किप्पूरला त्याची क्षमा होते. माणसाचा केला असेल तर नाही होत, जोवर त्या माणसाची समजूत काढली नाही तोवर. म्हणजे पंचवीस तास पाण्याचा थेंब घेतला नाही, दिवसभर सिनेगॉगमध्ये उभं राहिलं, तरी त्या एका खात्यात शून्य. म्हणून एलूलभर आणि नव्या वर्षानंतरच्या दहा दिवसांत लोक एकमेकांकडं जाऊन माफी मागतात.

आता माझं. बारावीला असताना एका मैत्रिणीनं काढलेल्या नोट्स मी स्पर्धेच्या निबंधात जवळजवळ तशाच वापरल्या. बक्षीस मला मिळालं. ती टाळ्या वाजवत होती. मी पुढच्या उपवासकाळात कुमसारला गेले, सांगितलं, रडलेसुद्धा. फादरांनी प्रायश्चित्त दिलं, मी गुडघे टेकून म्हटलं आणि हलकी होऊन बाहेर आले. फादरांनी अजून एक विचारलं होतं, “तिच्याशी बोललीस का?” मी म्हटलं, “बोलेन.” त्याला आता तीन वर्षं झाली.

यात संस्काराचा दोष नाही. ज्याचं नुकसान केलं त्याचं भरून द्यायला चर्च स्पष्ट सांगतं. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात तर येशू वेदीपाशी आणलेलं अर्पण तिथंच ठेवून आधी भावाकडं जायला सांगतो. ऐकणारे सगळे ज्यू होते, त्यांना यात नवल वाटलं नसणार. नवल मला वाटलं, इतक्या वेळा ऐकूनही. मला वाटतं आपण, म्हंजे निदान माझ्यासारखे, कुमसाराचा उपयोग माणसाला टाळण्यासाठी करतो. देव समजून घेतो हे माहीत असतं. मैत्रीण घेईल की नाही, काय की.

मैमोनिदेसनं बाराव्या शतकात हे अजून बारकाईनं लिहून ठेवलंय. तो माणूस ऐकत नसेल तर तीन जणांना सोबत घेऊन जा. असं तीनदा. तरीही नाही म्हणाला तर सोडून दे, मग पाप त्याचं. तो तुझा गुरू असेल तर मात्र हजार वेळा जा. आणि तो मेला असेल तर? दहा माणसं घेऊन त्याच्या कबरीपाशी उभं राहायचं आणि त्यांच्यासमोर बोलायचं.

मला यातलं एक पटत नाही. क्षमा न करणाऱ्याला पापी का ठरवायचं? काही जखमा तीन भेटींत भरत नाहीत, आणि हा शेवटी दुखावलेल्यावरच दबाव झाला. बदनामी करणाऱ्याला क्षमा न केली तरी चालेल, असं मोशे इस्सर्लेस यांनी सोळाव्या शतकात नोंदवून ठेवलंय. म्हणजे तिथंही कुणाला तरी हे टोचलं होतं. पण मागणाऱ्याच्या बाजूचा नियम मला कुठूनच वाकवता येत नाही. पायांनी चालत जायचं आहे.

आमच्या बेळगावात भाद्रपदात जैन मित्रमैत्रिणींचे क्षमावाणीचे मेसेज येतात. ही मैत्रीणही जैन आहे. दरवर्षी मला पाठवते, काही चुकलं असेल तर क्षमा कर म्हणून. मी दरवर्षी हात जोडलेला इमोजी टाकते.

यंदाही आला. उत्तर अजून दिलेलं नाही. तिचं घर टिळकवाडीत आहे, आमच्याकडून वीस मिनिटं, आणि रविवारी ती घरी असते. ते बक्षिसाचं पुस्तक मी कपाटातून काढून सॅकमध्ये ठेवलंय.