मधमाशी ती मधमाशी?

"आग्या मोहोळ जाळलं तर काय बिघडलं? बागेत मधमाश्यांची पेटी ठेवू की!" सोसायट्यांच्या मीटिंगमध्ये हल्ली असा युक्तिवाद होतो. म्हणजे रात्रीतून मोहोळ जाळायचं आणि वर निसर्गप्रेमाचं पुण्यही पदरात पाडून घ्यायचं! माझा या हिशोबालाच विरोध आहे.

मंडळी, आपल्याकडे आग्या, सातेरी आणि फुलोरी या तीन बहिणी एकाच परिसरात नांदतात. पण गोडीगुलाबीने नव्हे, वाटण्या करून. आग्या उंच झाडाला, कड्याला नाहीतर आपल्या इमारतीच्या छज्ज्याला एकच मोठं उघडं पोळं लटकवते. सातेरी ढोलीच्या अंधारात एकाशेजारी एक अशी अनेक पोळी बांधते. फुलोरीचं चिमुकलं पोळं झुडपाच्या फांदीवर.

आकाशाचीसुद्धा वाटणी झालेली आहे. तिन्ही राण्यांच्या गंधातला मुख्य घटक एकच, तरी नरांचा घोटाळा होत नाही. का? श्रीलंकेतल्या निरीक्षणांतून १९७६ साली याचं उत्तर मिळालं. तिथे फुलोरीचे नर भर दुपारी उडतात, सातेरीचे चारनंतर आणि आग्याचे दिवेलागणीला. एकच आकाश, तीन पाळ्या!

आता सांगा, यातली कोण कोणाची जागा घेणार? चांदण्या रात्रीही फुलांवर जाणारी आग्या पेटीत राहतच नाही. पेटीत राहते ती सातेरी, नाहीतर बाहेरून आणलेली युरोपियन मेलिफेरा. ती तर या वाटणीत कधी नव्हतीच. थोरल्या बहिणीला हाकलून तिच्या खोलीत पाहुणी आणून ठेवायची आणि घर कसं भरलेलं आहे म्हणून मिरवायचं, त्यातला हा प्रकार.

भीती खोटी आहे असं मी म्हणत नाही. आग्याचा हल्ला जीवघेणा ठरू शकतो. शाळेच्या खिडकीला लागलेलं मोहोळ जाणत्या माणसाकडून हलवावंच लागेल. पण प्रत्येक मोहोळ म्हणजे संकट नव्हे. आग्या हंगामी असते, फुलोरा ओसरला की आपणहून निघून जाते. तोवर पोरांना दगड मारू न देणं आणि तिच्या बाजूचा दिवा रात्री बंद ठेवणं एवढं तर जमेल?

नसेल जमत, तर निदान खरं बोला. "आम्हाला भीती वाटली, म्हणून जाळलं," म्हणा. त्याला मधमाशी-संवर्धन म्हणू नका.