घोट्याला मोज्यांचा आधार, पण कितपत?

पुण्याजवळच्या गहुंजे मैदानावर १९ ऑक्टोबर २०२३ रोजी विश्वचषक स्पर्धेतील भारत-बांगलादेश सामना सुरू असताना हार्दिक पंड्याने स्वतःच्याच गोलंदाजीवर आलेला फटका पायाने अडवण्याचा प्रयत्न केला आणि त्याचा डावा घोटा मुरगळला. सुरू केलेले षटकही त्याला पूर्ण करता आले नाही. पुढे तो उर्वरित स्पर्धेलाच मुकला. त्याआधी फेब्रुवारी २०१० मध्ये नागपूरच्या जामठा मैदानावर कसोटी पदार्पणाच्या दिवशीच सकाळच्या सरावात रोहित शर्माचा घोटा दुखावला. त्याला पहिली कसोटी खेळण्यासाठी नोव्हेंबर २०१३ पर्यंत थांबावे लागले. घोट्याची एक लचक केवढी महाग पडू शकते, याची ही दोन ठळक उदाहरणे.

दिमतीला फिजिओथेरपिस्ट असणाऱ्यांची ही कथा, तर शाळेच्या मैदानावर खो-खो खेळणारी मुले, मॅरेथॉनच्या तयारीसाठी पहाटे धावणारे नोकरदार आणि उखडलेल्या पदपथांवरून वाट काढणारे ज्येष्ठ नागरिक यांच्याबद्दल काय बोलावे? नेमक्या याच ग्राहकांसाठी औषधांच्या दुकानांपासून इंटरनेटवरील बाजारापर्यंत सर्वत्र 'आधार देणारे मोजे' विकले जात आहेत. घोट्याला स्थैर्य देतात, तोल सुधारतात, दुखापत टाळतात, असे त्यांचे दावे असतात. त्यांतील तथ्य तपासण्याइतपत संशोधन आज उपलब्ध आहे. मात्र त्याचे निष्कर्ष वेष्टनावरील मजकुराइतके सरळ नाहीत.

घोटा मुरगळतो तेव्हा

पाऊल आतल्या बाजूला वळून शरीराचा भार बाहेरच्या कडेवर येतो, तेव्हा घोट्याच्या बाहेरील लिगामेंट म्हणजेच अस्थिबंध ताणले जातात. हे अस्थिबंध तीन असून त्यांपैकी पुढचा बहुधा सर्वांत आधी दुखावतो. परंतु अस्थिबंध हे केवळ दोर नव्हेत. सांधा कोणत्या स्थितीत आहे, याची खबर मेंदूला देणारे संवेदक त्यांच्यात असतात. दुखापतीत दोराबरोबर ही खबर देणारी यंत्रणाही बिघडते आणि सूज ओसरल्यावरही पाय पुनःपुन्हा 'दगा देतो', असा सिद्धांत ब्रिटिश शल्यचिकित्सक फ्रीमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये मांडला. तोल राखण्याचे व्यायाम केल्यास ही तक्रार कमी होते, असेही त्यांनी दाखवून दिले.

घोटा अचानक वळला, तर तो सावरण्यासाठी पायाच्या बाहेरील स्नायू आकुंचन पावायला साधारण ५० ते ९० मिलिसेकंद लागतात. प्रत्यक्ष दुखापत अनेकदा तेवढ्या वेळातच होऊन जाते. बाह्य आधाराची कल्पना पुढे आली ती या तोकड्या अवधीमुळेच.

एक नाव, तीन वस्तू

गफलत होते ती येथेच. बाजारात 'अँकल सपोर्ट' या एकाच नावाखाली निदान तीन वेगळ्या वस्तू मिळतात. पहिली म्हणजे लवचिक विणीचा, घट्ट बसणारा मोजा. दुसरी, बुटाप्रमाणे नाडीने आवळण्याचा जाड कापडी पट्टा. तिसरी, दोन्ही बाजूंना प्लास्टिकच्या पट्ट्या असलेला अर्धताठर आधार. यांतील दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकाराच्या बाजूने भक्कम पुरावा आहे. अमेरिकेतील वेस्ट पॉइंट लष्करी अकादमीत १६०१ छात्रांवर झालेल्या आणि १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अर्धताठर आधारामुळे बास्केटबॉलमधील घोट्याच्या दुखापती घटल्याचे आढळले. तेथीलच माध्यमिक शाळांतील १४६० बास्केटबॉलपटूंच्या २०११ मधील अभ्यासात नाडीचा पट्टा वापरणाऱ्यांमध्ये दुखापतींचे प्रमाण न वापरणाऱ्यांच्या सुमारे एक तृतीयांश होते. झालेल्या दुखापतींची तीव्रता मात्र पट्ट्यामुळे कमी झाली नाही.

लवचिक मोज्याच्या मागे अशा तोडीचा पुरावा नाही. पाऊल आत वळू न देण्याइतका ताठरपणा त्याच्या विणीत नसतो. शरीराचा सारा भार कडेवर आला की ताणले जाणे हाच त्याचा गुणधर्म आड येतो. मग तो निरुपयोगी ठरतो का? तसेही नाही. त्वचेवरील दाबामुळे घोट्याकडे लक्ष राहते, सूज आटोक्यात राहण्यास मदत होते आणि दुखापतीनंतर मैदानात परतणाऱ्याचा आत्मविश्वास वाढतो. एका पायावर उभे करून शरीराचे डोलणे मोजणाऱ्या प्रयोगांत काहींचा तोल असा आधार घातल्यावर सुधारलेला दिसतो, काहींत फरक आढळत नाही. शिवाय प्रयोगशाळेत डोलणे कमी झाले म्हणजे मैदानावर घोटा मुरगळणार नाही, असा अर्थ काढता येत नाही. 'आधार वाटणे' आणि 'आधार असणे' यांतील हे अंतर ग्राहकाने ध्यानात घेण्याजोगे आहे.

सरावाचे मोल

बाह्य आधाराला दुसरी जोड आहे ती तोलाच्या सरावाची. नेदरलँड्समध्ये नुकताच घोटा मुरगळलेल्या ५२२ खेळाडूंपैकी निम्म्यांना आठ आठवड्यांचा घरगुती सराव देण्यात आला. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात वर्षभरात पुन्हा दुखापत होण्याचे प्रमाण सराव करणाऱ्यांत २२ टक्के, तर इतरांत ३३ टक्के होते. २०१४ मध्ये त्याच देशातील आणखी एका अभ्यासाने या चित्रात भर घातली. खेळताना वर्षभर आधारपट्टा वापरणाऱ्या गटात पुनर्दुखापत १५ टक्के, केवळ सराव करणाऱ्यांत २७ टक्के, तर दोन्ही उपाय योजणाऱ्या गटात १९ टक्के आढळली. म्हणजे सराव हाच एकमेव उपाय, असा आग्रह धरण्यातही अर्थ नाही. ज्याचा घोटा एकदा दुखावला आहे, त्याला पट्टा आणि सराव या दोहोंचा लाभ होऊ शकतो. धोका आहे तो दोन्ही टाळून केवळ मोजा चढवून मैदानात उतरण्यात.

आपल्याकडे आंबेहळदीचा लेप, थोडीशी मालीश आणि क्रेप बँडेज एवढ्यावर अनेकदा उपचार संपतात. वेदना थांबल्या की पाय बरा झाला, असे गृहीत धरले जाते. खबर देणारी यंत्रणा दुरुस्त करण्याचे काम मात्र तसेच राहून जाते.

घरातील धोका

ज्येष्ठांच्या बाबतीत प्रश्न अधिक नाजूक आहे. गुळगुळीत लाद्यांच्या घरात साधा मोजा घालून चालणे म्हणजे घसरण्याला निमंत्रण. वृद्धांच्या पडण्याविषयीच्या, २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात अनवाणी किंवा नुसत्या मोज्यांवर वावरणाऱ्यांमध्ये पडण्याचा धोका लक्षणीयरीत्या अधिक आढळला होता. तोल सावरण्यासाठी घेतलेली वस्तूच तोल घालवणारी ठरू शकते, ती अशी. मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झालेल्यांनी आणि पायाचा रक्तपुरवठा मंदावलेल्यांनी तर घट्ट मोजे डॉक्टरांच्या सल्ल्याविना वापरूच नयेत. दाबामुळे झालेली जखम त्यांना वेळीच कळत नाही वा लवकर भरत नाही.

दावे आणि दंड

जाहिरातींना लगाम घालणे अशक्य नाही. तांब्याचे धागे असलेल्या घट्ट कपड्यांनी जुनाट वेदना कमी होतात, असा दावा करणाऱ्या टॉमी कॉपर या कंपनीला अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनशी २०१५ मध्ये साडेतेरा लाख डॉलरची तडजोड करावी लागली. भारतातही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार २०२० मध्ये केंद्रीय प्राधिकरण स्थापन झाले असून दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी पहिल्या खेपेस दहा लाख रुपयांपर्यंत दंड आकारण्याचा अधिकार त्याला आहे. मोज्याच्या वेष्टनावर 'दुखापत टाळतो' असे छापणाऱ्याला त्याचा पुरावा विचारला गेला पाहिजे.

अर्थात कायदा आपले काम करील तेव्हा करील. तोवर सामान्यांनी काही साध्या गोष्टी पाळल्या तरी पुष्कळ होईल. घोटा मुरगळल्यावर चार पावलेही टाकता येत नसतील किंवा घोट्याच्या हाडावरच दाबून दुखत असेल, तर एक्स-रे काढावा. कॅनडातील ओटावा येथे १९९२ मध्ये तयार झालेल्या नियमांचे सार हेच आहे. पुन्हा खेळायचे असेल तर मोज्यावर न विसंबता योग्य पट्टा निवडावा आणि फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली तोलाचा सराव करावा. शाळांनीही खेळाच्या तासातील पाच-दहा मिनिटे एका पायावर उभे राहण्याच्या सरावाला दिली, तर त्यासाठी वेगळा निधी लागणार नाही. मोजा विकत मिळतो. तोल मात्र कमवावा लागतो.