किमान शिल्लक, किमान गरज

बँकेत किमान शिल्लक नावाचा एक प्रकार असतो. तेवढी रक्कम ठेवली की खाते चालू राहते, दंड पडत नाही आणि शिपायापासून मॅनेजरपर्यंत कोणीही तुमची चौकशी करत नाही. पण त्या शिलकेवर कोणी मुलीचे लग्न काढल्याची नोंद आमच्या शाखेच्या इतिहासात नाही. डीजे मंडळींच्या व्हिडिओ मिक्सिंग सॉफ्टवेअरवर जी 'किमान गरज' छापलेली असते, अमका प्रोसेसर आणि तमकी रॅम, ती नेमकी ह्याच जातीची. तेवढ्यावर सॉफ्टवेअर उघडते. चालते, असे कोणीच म्हटलेले नसते. आणि गंमत म्हणजे ह्या शिलकेवर मात्र लोक खरोखरच मुलींची लग्ने काढतात!

माझे म्हणणे साधे आहे. ही किमान गरज म्हणजे गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत सभ्यपणे केलेली धूळफेक आहे, आणि तिचा दंड भरतो तो भलताच माणूस.

पूर्वी डीजे फक्त गाणी मिसळायचा. 2004 साली पायोनियरचे डीव्हीजे-एक्स1 हे यंत्र आले आणि डीव्हीडीवरचे चित्रही गाण्यासारखे मागेपुढे फिरवता येऊ लागले. पुढे तेच काम व्हर्च्युअल डीजे, रेझोल्यूम वगैरे सॉफ्टवेअरने लॅपटॉपच्या गळ्यात बांधले. लॅपटॉपला कोणी विचारले नाही. क्लार्कची बदली करतानाही निदान तोंडदेखले विचारतात.

आता जरा हिशेब करू. मी कॉमर्सचा पदवीधर, मला दुसरे येतेय काय? साध्या फुल एचडी चित्रात आडवे 1920 आणि उभे 1080, म्हणजे 20,73,600 ठिपके. प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरव्या, निळ्याचे तीन आकडे. एका चित्राचे झाले बासष्ट लाख. सेकंदाला अशी 25 चित्रे, म्हणजे साडेपंधरा कोटी आकडे. एका गाण्यावरून दुसऱ्यावर सरकताना दोन चित्रफिती एकदम चालतात, तेव्हा एकतीस कोटी. दर सेकंदाला! आमच्याकडे एकतीस मार्चलासुद्धा एवढी आकडेमोड होत नाही, आणि त्या रात्री आम्हाला निदान बटाटेवडे तरी मिळतात.

बरे, हे आकडे उघडे नसतात, दाबून भरलेले असतात. 2003 साली आलेली एच.264 ही पद्धत त्यासाठी सर्रास वापरतात. ती खतावणीसारखी आहे. अधूनमधून एक पूर्ण चित्र, म्हणजे आरंभीची शिल्लक. पुढच्या चित्रांत काय बदलले तेवढ्याच जमा-नावे नोंदी. जागा फार वाचते. पण मधल्याच एका क्षणाची शिल्लक हवी असेल, तर मागच्या पूर्ण चित्रापर्यंत जाऊन तिथून सगळ्या नोंदी पुन्हा मांडत यावे लागते. सरळ चालणाऱ्या सिनेमाला ही पद्धत उत्तम. डीजेचा मात्र सरळ चालण्याशी संबंधच काय? तो चकती मागे ओढतो, पुढे ढकलतो, उडी मारतो. प्रत्येक झटक्याला बिचारा संगणक पान उलटून पुन्हा बेरजेला बसतो.

ह्यावर उपाय नाही असे नाही. रेझोल्यूमची डीएक्सव्ही किंवा 2013 साली आलेली हॅप, ह्या पद्धतींत प्रत्येक चित्र स्वतंत्र असते, प्रत्येक ओळीला शिल्लक काढून ठेवावी तसे. उलगडण्याचे बरेचसे काम ग्राफिक्स कार्डाच्या काउंटरवर जाते. फाइल मात्र जाडजूड होते आणि डिस्क वेगवान लागते. जगात फुकट काही नाही. हे बँकेत शिकायला वीस वर्षे लागतात, इथे एका संध्याकाळीत कळते.

पण हे सांगतो कोण? दुकानदार सांगतो, "रॅम वाढवा." रॅम म्हणजे टेबल. टेबल मोठे केले म्हणून क्लार्कचा हात जलद चालत नाही. हे माझ्या साहेबांनाही पटलेले आहे, म्हणून तर त्यांनी माझे टेबल बदलले नाही.

गेल्या मे महिन्यात आमचा पुतण्या पनवेलच्या बाजूला एका हळदीला गेला. मांडवात ऊन मुरलेले, लॅपटॉप स्पीकरच्या डोक्यावर, आणि बोर्डाची पिन कोणीतरी कूलरसाठी उपटलेली. बॅटरीवर आले की बहुतेक लॅपटॉप हात आखडता घेतात, आणि प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास तापला की जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करतो. तसाच त्याने केला. गाणे चालू राहिले, कारण ताण आला की अशी सॉफ्टवेअरे सहसा आवाज सांभाळतात आणि चित्राचा बळी देतात. चित्र अडकले ते नेमके नवरदेवाचा एक डोळा मिटलेला आणि तोंड उघडे असताना. यजमानांनी पाच हजार कापले. "काका, डब्यावर लिहिलं होतं तेवढं सगळं होतं हो माझ्या लॅपटॉपमध्ये," पुतण्या म्हणाला. त्या लॅपटॉपचे हप्ते अजून चालू आहेत. चित्र अडकते, हप्ता अडकत नाही.

आता काही वडीलधारे म्हणतील, हळदीला सिनेमा हवाच कशाला? हा वाद वेगळा आहे. पोराने पोट भरण्याचा धंदा निवडला आहे, त्याला खरा आकडा मिळाला पाहिजे, एवढेच मी म्हणतो. डब्यावर छापा ना, की दोन फुल एचडी फिती, वर एक इफेक्ट, बाहेरचा पडदा जोडलेला, असे सलग तीन तास एकही चित्र न गळता चालवायचे तर कोणता संगणक लागेल. आणि यजमानांनीही 'हा एवढा व्हिडिओ लाव रे' म्हणून ऐन वेळी पेन ड्राइव्ह पुढे करण्याआधी विचार करावा. त्यात कोणत्या पद्धतीची फाइल आहे हे त्यांना ठाऊक नसते आणि डीजेला बघायला सवड नसते.

कर्ज देताना आम्ही गिऱ्हाइकाकडून सतरा कागद मागतो, दोन जामीनदार मागतो. सॉफ्टवेअर विकणाऱ्याकडून एक खरी ओळ मागितली, तर ती काही जास्त मागणी नव्हे. जामीनदार आम्ही माफ करू.