मशीन दुपारी लावणार कोण?

परवा विजेचं बिल आलं. चष्मा लावून ते उलटसुलट वाचत हे म्हणाले, ‘‘अगं, स्मार्ट मीटरवाल्यांना दिवसा नऊ ते पाच विजेत सवलत आहे. कपड्यांचं मशीन, इस्त्री, सगळं दुपारीच उरकत जा की!’’

मी म्हटलं, ‘‘दुपारी मी शाळेत, तुम्ही ऑफिसात. मशीन लावणार कोण?’’

यावर हे गप्प.

सवलतीमागचं कारण मात्र खरं आहे. सौरवीज भर दुपारी भरपूर असते. सूर्य मावळतो आणि नेमके तेव्हाच घराघरांत दिवे, पंखे, टीव्ही सुरू होतात. कोळशाचं वीजकेंद्र काही गॅसची शेगडी नव्हे, बटण फिरवलं की मंद, फिरवलं की मोठी. ते चुलीसारखं. पेटायला वेळ, मंदावायलाही वेळ. म्हणून २०२३ मध्ये केंद्राने दोन नियम केले. कोळशाच्या संचांना टप्प्याटप्प्याने क्षमतेच्या ४० टक्क्यांपर्यंत खाली येता आलं पाहिजे, हा एक. दुसरा, उन्हाच्या आठ तासांत वीज नेहमीपेक्षा किमान २० टक्के स्वस्त आणि मागणी जास्त असेल तेव्हा महाग. आपल्या राज्यात घरगुती ग्राहकांची दिवसाची सवलत १ जुलै २०२५ पासून सुरू झाली.

म्हणजे विजेच्या वेळेप्रमाणे आपण वाकायचं. पण मैत्रिणींनो, हे वाकणं आपल्याला नवं आहे का? २००५-०६ मध्ये मी बार्शीला होते. सकाळी सहाला वीज जायची, म्हणून पहाटे साडेचारला उठून टाकीत पाणी चढवायचं, चटण्या वाटायच्या, इस्त्री उरकायची. घरातले बाकीचे झोपलेले. त्याला तेव्हा कुणी लवचिकता म्हटलं नाही, की सवलत दिली नाही!

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींना मी ही नवी सवलत समजावून सांगितली. त्या संध्याकाळी सातला घरी पोचतात, मग स्वयंपाक. त्या हसून म्हणाल्या, ‘‘ताई, रातची भूक काय दुपारीच भागवायची व्हय?’’

माझं म्हणणं एवढंच, की आधी यंत्रं वाकवा, मग बाईला सांगा. आमच्या सोसायटीचा पाण्याचा पंप पहाटे चालायचा. बैठकीत मी विषय काढला, टायमर बसवला. आता टाकी दुपारी भरते आणि कुणाचीही झोपमोड होत नाही. अकोले तालुक्यातल्या घाटघरला २५० मेगावॉटचा उदंचन प्रकल्प आहे. जास्तीच्या विजेवर पाणी वरच्या धरणात चढवायचं आणि गरजेच्या वेळी खाली सोडून वीज करायची. असे प्रकल्प, मोठ्या बॅटऱ्या वाढल्या तर दुपारचं ऊन संध्याकाळच्या कुकरपर्यंत पोचेल.

शेतीत तर हे दिसूही लागलंय. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये आली. आमच्या गावी आता पाण्याची पाळी दिवसा असते. पूर्वी भाऊ रात्री मोटार चालू करायला जायचा आणि विंचूकाट्याच्या धास्तीने वहिनी तो परत येईपर्यंत जागी. इथे वीज माणसाच्या वेळेला आली. वहिनीची झोप कुठल्या बिलात दिसणार नाही, पण खरी बचत तीच.

आणि हो, रविवारी दुपारी हे घरीच असतात. मशीनचं बटण कुठलं, ते मी दाखवून ठेवलंय.